दोन ग्रंथ आणि एक कारखाना

कारखान्यांतील व कचेऱ्यांतील काम कसें सुधारावें, या विषयावर गेल्या चार-पांच दशकांत जगभर एवढें लिहिलें गेलें आहे कीं त्याचें एक स्वतंत्र ग्रंथालय सहज भरावें. त्यांतील बहुतेक लेखन वाङ्मय या संज्ञेस पात्र नाहीं, म्हणून वाङ्मयाचे टीकाकार तिकडे फिरकत नाहींत. आणि टीकाकार फिरकत नाहींत म्हणून तें लेखन आहे तसेंच राहतें. या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशीं मात्र एक खरोखरीचा ग्रंथ आहे, आणि त्याच कारखान्याविषयीं त्याच्याही पांच वर्षें आधीं लिहिलेला दुसरा एक ग्रंथ आहे. पहिला ताइइची ओनो यांचा, टोयोटाच्या उत्पादन-पद्धतीवरील, १९७८ सालचा. दुसरी सातोशी कामाता यांची रोजनिशी, १९७३ सालची. पहिल्याचें इंग्रजी भाषांतर १९८८ मध्यें व दुसऱ्याचें १९८२ मध्यें प्रसिद्ध झालें. या दोहोंचा विचार एकत्र करावा असें आम्हांस वाटतें.

ओनो १९३२ सालीं तोयोदा घराण्याच्या कापडगिरणींत नोकरीस लागले आणि १९४३ मध्यें मोटारींच्या कारखान्यांत आले. गिरणींतून त्यांनीं एक कल्पना बरोबर आणली. साकिची तोयोदा यांनीं बनविलेल्या मागाचा धागा तुटला कीं माग आपोआप थांबत असे; त्यामुळें सदोष कापड विणलें जात नसे आणि मागावर डोळे लावून बसण्यास माणूस लागत नसे. मागाचा हा गुण ओनोंनीं सगळ्या कारखान्यास लावला. दोष दिसतांच कोणत्याही कामगारानें चालती रांग थांबवावी, कारण शोधावें, मगच पुढें जावें. कारण शोधण्याची त्यांची रीत पोरासारखी हट्टी आहे: ‘कां?’ हा प्रश्न पांच वेळां विचारावयाचा. यंत्र बंद पडलें, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण धारव्यास तेल पुरेसें नव्हतें. तेल नव्हतें, कारण पंप तें नीट ओढीत नव्हता. ओढीत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. आणि झिजला होता, कारण तोंडाशीं गाळणी नसल्यानें आंत धातूचा कीस गेला होता. पहिल्या उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलील व महिन्याभरानें पुन्हां बदलील. ग्रंथांतील हें स्थळ आम्हांस अतिशय आवडलें. यांत पांडित्य नाहीं, आणि हुकूम देऊन मोकळें होण्याची घाईहि नाहीं.

दुसरी कल्पना चिठ्ठीची. मागच्या टप्प्यानें जमेल तेवढा माल करून पुढें ढकलावयाचा नाहीं. पुढच्या टप्प्यास जेवढें हवें तेवढ्याचीच चिठ्ठी त्यानें मागें धाडावी, आणि ती आल्याखेरीज मागच्यानें हात हलवूं नये. या चिठ्ठीस जपानींत कानबान म्हणतात. गरजेहून अधिक निर्माण करणें, वाट पाहणें, उगाच वाहून नेणें, उगाच घडणावळ करणें, सांठवणें, उगाच हालचाल करणें, आणि सदोष माल काढणें, अशी सात प्रकारची नासाडी ओनो सांगतात व पहिलीस सर्वांत वाईट ठरवितात, कारण बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटीं जन्मतात.

हें सर्व समजण्यास जपानांत जावें लागत नाहीं. शिरूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं वडगाव रासाई म्हणून गांव आहे. पलीकडच्या तीरास दौंड तालुका लागतो. दोन्ही तीर उसाचे. या टापूंत, विशेषतः दौंडाच्या बाजूस, गुऱ्हाळें पुष्कळ आहेत, आणि जुन्या धाटणीचें गुऱ्हाळ म्हणजे ओनोंच्या ग्रंथाचें पहिलें प्रकरणच होय. काहिलीपुरताच ऊस तोडावयाचा, कारण तोडलेला ऊस ठेवला तर रस बिघडतो व ढेप नीट बसत नाहीं. चरकांतून पडलेलें चिपाड उन्हांत वाळवून चुलवाणांत घालावयाचें. तेथें नासाडीस जागा नाहीं, कारण नासाडी परवडत नाहीं. साखर-कारखान्यांत हेंच काम मोठ्या मापानें चालतें. आपल्या उसास ‘तोड आली’ असें शेतकरी म्हणतो तेव्हां तिच्या मागें कारखान्याची चिठ्ठी असते: अमक्या शेतांतला ऊस अमक्या दिवशीं तोडावा. ओनोंच्या कानबानाची ही सख्खी बहीण. तोडलेला ऊस दिवसभराच्या आंत चरकांत पडावा हें उत्तम. त्याहून उशीर होईल तसतसा तो वजनांत व साखरेंत घटत जातो. म्हणून चिठ्ठी आधीं व कोयता मागून.

परंतु चिठ्ठी बरोबर असूनहि कारखान्याच्या दाराशीं गाड्यांची रांग लागते. बैल जुंपलेले, ऊस उन्हांत, आणि माणसें वजनकाट्याकडे पाहत. ही ओनोंची दुसरी नासाडी, वाट पाहण्याची. येथें जो प्रश्न मनांत येतो तो ओनो विचारीत नाहींत: ही नासाडी कोणाच्या खात्यावर पडते? ऊस वाळला तर वजन घटतें. वजन घटलें तर टनावर पैसे घेणारा शेतकरी व टनावरच मजुरी घेणारा तोडणी-मजूर हे दोघे बुडतात. साखरेचा उतारा घटतो तो कारखान्याचा, पण उसाचा दर उताऱ्याशीं बांधलेला असल्यानें तोहि फिरून शेतकऱ्याकडेच येतो. गव्हाण मात्र रिकामी राहत नाहीं. आणि ती रिकामी राहूं नये यासाठींच बाहेर रांग असते. यंत्रास वाट पाहावी लागूं नये म्हणून माणूस वाट पाहतो. नासाडी नाहींशी झाली नाहीं. ती कुंपणाबाहेर गेली.

कामाता यांचें पुस्तक या कुंपणाबाहेरचें आहे, जरी तें कारखान्याच्या आंत बसून लिहिलेलें आहे. कामाता हे पत्रकार. १९७२ च्या शरद ऋतूंत ते हंगामी कामगार म्हणून टोयोटांत शिरले आणि सुमारें सहा महिने गिअर-पेट्या जुळविणाऱ्या रांगेवर राबले. त्यांच्याबरोबरचे हंगामी लोक पुष्कळसे शेतकरी. शेतींतलें काम थंडावलें कीं मजुरीस येणारे. रोजनिशींत नाट्य नाहीं. हात दुखतात, झोप पुरत नाहीं, रांगेचा वेग वाढतो, एक सोबती काम सोडून जातो, त्याचें काम उरलेल्यांवर पडतें. दिवसामागून दिवस तेंच. एखाद्या कादंबरींत हा दोष ठरला असता. येथें ही पुनरुक्तीच पुस्तकाचें सत्य आहे. वाचक कंटाळतो, आणि कंटाळतांना त्यास कळतें कीं आपण पुस्तक मिटूं शकतों.

आतां ओनोंचा ससा-कांसवाचा दृष्टांत पाहूं. धांवून मध्यें झोपणाऱ्या सशापेक्षां सावकाश व एकसारखें चालणारें कांसव कमी नासाडी करतें, असें ते सांगतात. दृष्टांत सुंदर आहे, पण त्यांतील एक गोष्ट त्यांच्या नजरेंतून निसटली. कांसव आपल्या पायांनीं व आपल्या चालीनें चालतें. कामातांच्या रांगेवरचा मनुष्य पट्ट्याच्या चालीनें चालतो. ओनो दुसरीकडे असेंहि बजावतात कीं तेजींत माणसें घ्यावयाचीं आणि मंदींत काढून टाकावयाचीं, ही रीत वाईट. वाक्य उदार आहे. परंतु ज्या कारखान्यासंबंधीं तें लिहिलें त्याच कारखान्यांत कामाता हंगामापुरते घेतले गेले होते! ओनो खोटें लिहितात असें आम्ही म्हणत नाहीं. कायम नोकरांपुरतें तें खरें असावें. हंगामी माणूस त्यांच्या हिशेबांत धरलेलाच नाहीं.

या हिशेबामागें एक करार आहे. १९५० सालीं टोयोटा डबघाईस आली, मोठी कामगार-कपात झाली, मोठा संप झाला, आणि तोयोदा घराण्यांतील अध्यक्षांस पद सोडावें लागलें. जे उरले त्यांस जन्मभराच्या नोकरीची हमी मिळाली, असें वोमॅक प्रभृतींच्या १९९० च्या ग्रंथांत सांगितलें आहे. आमच्या मतें सतत सुधारणेचा सारा डोलारा या हमीवर उभा आहे. आपल्या कामांतली दहा मिनिटें कशीं वांचतील हें कामगारास साहेबाहून अधिक ठाऊक असतें. पण तीं वांचविलीं असतां आपली किंवा शेजाऱ्याची भाकरी जाणार नाहीं, एवढी खात्री असली तरच तो तें सांगेल. आमच्याकडे सूचना-पेटी येते, भिंतीवर पाट्या लागतात, पण हमी येत नाहीं. मग पेटी रिकामी राहिल्यास कामगारास आळशी ठरवितात.

अमेरिकन लेखकांनीं या पद्धतीस ‘लीन’ हें नांव दिलें, म्हणजे चरबी झडलेली, सडपातळ. मराठी कानास लीन म्हणजे नम्र, चरणीं मिळून गेलेला. भाषेचा हा योगायोग मोठा खट्याळ आहे. पुष्कळ व्यवस्थापकांस दुसराच अर्थ अधिक प्रिय असावा. वस्तुतः आपल्याकडे ‘काटकसर’ हा नेमका शब्द होता. त्यांत उपाशी ठेवण्याचा अर्थ नाहीं.

जपानी परिभाषेंत नासाडी म्हणजे मुदा. तिच्या जोडीस मुरा म्हणजे विषमता व मुरी म्हणजे झेपेनासा भार, अशा आणखी दोन संज्ञा आहेत. मुदावर पुस्तकांचे ढीग पडले. मुरीचा उल्लेख करून लेखक पुढें जातात. ऊसतोडीच्या मुलखांतील वाचकानें मात्र मुरीवरच थांबावें. येथें नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते; एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिती नेमली गेली. ओनोंचे पांच ‘कां’ येथें विचारून पाहावेत. शस्त्रक्रिया कां? दुखणें परवडत नाहीं. कां परवडत नाहीं? खाडा पडतो. खाडा कां? उचल फिटावयाची असते. उचल कां? पावसाळ्यांत घरीं काम नसतें. पांचवें उत्तर आम्ही देत नाहीं. तें देण्यास गाळणी बसविणारा लागतो.

सरकारी कचेऱ्यांविषयीं थोडें. घोडनदीपलीकडच्या अहमदनगर जिल्ह्यांत (आतां अहिल्यानगर) १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनीं दप्तराची जी फेररचना केली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर प्रसिद्ध पावली. महसूल कचेऱ्यांतील सहा गठ्ठ्यांची पद्धत त्याच वळणाची: निकाली काढावयाचें, प्रतीक्षेंतलें, नियतकालिकें, कायम आदेश, अभिलेख-कक्षांत धाडावयाचें आणि नष्ट करावयाचें, असे कागद वेगळे बांधावयाचे. हें काम आम्ही मोठें मानतों. उतारा शोधण्यांत गेलेली दुपार ही सातबारावाल्या माणसाची मजुरी असते. एवढेंच कीं ‘प्रतीक्षेंतलें’ हा गठ्ठा कारकुनास सोयीचा. तो जितका जाड, तितकें टेबल स्वच्छ आणि अर्जदार बाहेर बांकावर. ऊस काय, अर्ज काय, रांग तीच.

किर्लोस्करांचा विषय येथें टाळतां येत नाहीं. १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीनें १९२० मध्यें ‘किर्लोस्कर खबर’ हें कारखान्याचें वार्तापत्र काढलें व त्याचें पुढें मराठींतील एक प्रमुख मासिक झालें. नांगराच्या कारखान्यांतून वाङ्मय निघूं शकतें याचा हा पुरावा. १९९७ सालीं त्याच नांवाच्या उद्योगसमूहानें टोयोटाबरोबर कर्नाटकांत बिडदी येथें मोटारींचा कारखाना काढला. २०२० च्या नोव्हेंबरांत तेथें टाळेबंदी झाली, तेव्हां कामाचा भार झेपत नाहीं ही संघटनेची तक्रार होती आणि बेशिस्त ही कंपनीची. ओनो व कामाता यांचाच वाद, वेगळ्या मातींत.

रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत फियाट, एल्जी, व्हर्लपूल यांसारखे कारखाने आहेत. तेथें पाळीवर जाणारा व सुटीच्या दिवशीं घरच्या उसास पाणी देणारा तरुण दोन्ही ग्रंथांतील जग एका आठवड्यांत पाहतो. त्याची रोजनिशी आम्ही आनंदानें छापूं. तोंवर ज्यास हे दोन ग्रंथ वाचावयाचे असतील त्यानें कामाता आधीं वाचावा व ओनो मागून. उलट क्रमानें वाचल्यास कामातांचे दुखरे हात अपवादासारखे वाटूं लागतात. या क्रमानें वाचल्यास ओनोंच्या ग्रंथांत जेथें जेथें एखादा सेकंद वांचतो, तेथें तो कोणाच्या हातून वांचला हें विचारण्याची संवय लागलेली असते.