नियमावर बोट ठेवणारा खेळाडू : भूमिका-खेळाच्या नियमग्रंथांची एक चिकित्सा

१

रडीचा डाव खेळणारा गडी आपल्या भाषेच्या फार जुन्या परिचयाचा आहे. बाद झाल्यावर बाद न मानणारा, राज्य आले की घरी निघून जाणारा, अशा गड्याचे काय करावयाचे याविषयी अंगणातल्या मुलांतही मतभेद नसतो. परंतु जो नियम मोडीत नाही, उलट प्रत्येक क्षणी नियमावर बोट ठेवतो, आणि तरीही ज्याच्यामुळे डावाचा रंग उडून जातो, त्याला काय म्हणावे? टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांनी हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आणला आहे. इंग्रजीत अशा खेळाडूस उपहासाने 'रूल्स लॉयर', म्हणजे नियमांचा वकील, असे म्हणतात. त्याचा बंदोबस्त कसा करावा यावर पुष्कळ सल्ला दिला जातो. पण तो कोणत्या ग्रंथाचा वाचक आहे आणि त्या ग्रंथानेच त्याला कसे घडविले आहे, याची चौकशी क्वचितच होते. ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चारसहा जण एकत्र बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. तो प्रसंग, स्थळ व प्रतिपक्ष उभा करतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात व आपले पात्र काय करते ते सांगतात. कृतीचे फळ संशयित असेल तेव्हा नियम आणि फासे यांचा आधार घेतला जातो. बुद्धिबळाप्रमाणे येथे हारजीत नसते, आणि संभाव्य चालींची यादीही नसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या खेळापासून या प्रकाराची परंपरा सुरू होते.

२

खेळाच्या तत्त्वज्ञानात आपल्या खेळाडूला जागा शोधू गेल्यास ती सहजी सापडत नाही. योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात लबाड खेळाडू आणि खेळमोड्या यांतील भेद मार्मिकपणे दाखविला. लबाड नियम चोरून मोडतो, पण खेळ मानल्याचा बहाणा तरी करतो. खेळमोड्या खेळाचे जगच नाकारतो, म्हणून समाज लबाडाला अधिक सहज क्षमा करतो. नियमावर बोट ठेवणारा या दोहोंत बसत नाही. तो नियम मोडीत नाही, आणि खेळाचे जगही नाकारीत नाही. हुइझिंगांच्या विवेचनात नियम सर्वांस ठाऊक असलेले व स्वयंपूर्ण असतात, हे येथे गृहीत आहे. भूमिका-खेळात नेमके हेच गृहीत ढासळते. पात्र कोणतीही कृती करू शकत असल्यामुळे नियमांचा ग्रंथ कितीही जाड झाला तरी अपुराच राहतो.

या अपुरेपणाचे स्वरूप एच. एल. ए. हार्ट यांच्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' (१९६१) या ग्रंथातील एका दृष्टान्ताने स्पष्ट होते. पंचाचा निर्णय अंतिम असणे ही एक गोष्ट. 'पंच म्हणेल तोच नियम' हा वेगळाच खेळ. पहिल्यात पंच चुकू शकतो, फक्त त्याची चूक त्या वेळेपुरती मान्य करावी लागते. दुसऱ्यात चूक या शब्दालाच अर्थ उरत नाही. भूमिका-खेळाच्या टेबलावरील पुष्कळशी भांडणे या दोन खेळांच्या सीमेवर होतात. सूत्रधाराला वाटते की आपण दुसरा खेळ खेळत आहोत; नियमवाद्याला वाटते की आपण पहिला खेळत आहोत. मौज अशी की दोघांच्याही बाजूने एकाच ग्रंथातील पाने दाखविता येतात.

३

हा वाद या खेळाच्या पूर्वजांतही होता. प्रशियन सेनाधिकारी फॉन राइसविट्झ यांनी १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात नकाशा, फासे व हानीची कोष्टके होती आणि निर्णयासाठी पंच होता. पुढे कोष्टकांचे ओझे वाढले, खेळ संथ झाला, आणि १८७६ मध्ये फेर्डी द्यु वेर्न्वा यांनी कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर चालणारा मुक्त युद्धखेळ पुरस्कारिला. त्यांच्या पंचापाशी मात्र एक गोष्ट होती जी मित्रमंडळींतील सूत्रधारापाशी नसते : प्रत्यक्ष युद्धाचा अनुभव आणि सैनिकी अधिकार. विवेकावर विश्वास ठेवा असे म्हणताना कोणाच्या विवेकावर, हा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. येथे तो पहिल्याच बैठकीत उद्भवतो.

१९७४ च्या पुस्तिकांची अखेर मोठ्या उदार भूमिकेने होते. जे सांगितलेले नाही ते तुम्हीच कल्पा. तुमच्या वतीने कल्पना करण्याचे काम आमच्यावर का सोपवता, असा त्या समारोपाचा आशय आहे. पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, गायगॅक्स यांनी 'ॲडव्हान्स्ड' मालिकेतील सूत्रधाराचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा स्वर पालटलेला दिसतो. आता एकरूपतेचा आग्रह आहे. शेकडो कोष्टके, उपनियम आणि अपवाद आहेत. शिवाय हा ग्रंथ केवळ सूत्रधारासाठी असून तो जवळ बाळगणारा साधा खेळाडू सन्मानाच्या मृत्यूलाही पात्र नाही, असा अर्धवट विनोदी इशारा आहे. आणि याच ग्रंथाच्या उपसंहारात सूत्रधाराला बजाविले आहे की अक्षरापेक्षा आशय मोठा, आणि छावणीतल्या एखाद्या हौशी वकिलाने ग्रंथातील वचने तोंडावर फेकली तरी दबू नये.

माझ्या मते या ग्रंथाचा मूलभूत दोष येथे आहे. ज्या लेखकाने अक्षराचा एवढा प्रपंच उभा केला त्यानेच अक्षराला चिकटणाऱ्याचा उपहास करावा, हे विसंगत होय. कोष्टक हे वाचकाला दिलेले आश्वासन असते : असे केलेस तर असे घडेल. त्या आश्वासनावर विसंबून ज्याने आपल्या पात्राचा जीव धोक्यात घातला, त्याला ऐन वेळी आशय दाखविणे म्हणजे करार झाल्यावर कलमे बदलण्यासारखे आहे. आणि शास्त्र कोणी वाचावे याचा अधिकार एकाकडेच राखून, चोरून वाचणाऱ्याला दूषण देण्याची ही रीत आपल्या परंपरेच्या अभ्यासकांस निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

४

मग नियमवाद्याचा काहीच दोष नाही काय? तसे म्हणता येणार नाही. एक उदाहरण घेऊ. १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथात अग्निगोलाचा मंत्र आहे. त्याचा स्फोट जागेच्या आकारानुसार पसरतो आणि सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापतो. वीस फूट त्रिज्येच्या गोलाचे घनफळ जवळजवळ एवढेच येते. आता दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा भुयारात हा मंत्र टाकला, तर ज्वाळा एकूण ३३० फूट लांबीची जागा घेतील. स्फोट मध्ये झाला तर दोन्ही दिशांना १६५ फूट. शत्रू शंभर फुटांवर असेल तर मंत्र टाकणारा स्वतःच होरपळेल. नियम नीट वाचणारा खेळाडू येथे अमूल्य आहे. त्याच्यामुळे भुयाराला रुंदी येते, भिंतींना भिंतपण येते, आणि सोबत्यांना विचार करावा लागतो.

यातूनच एक कसोटी हाती लागते. नियम स्वतःच्या विरुद्ध जात असतानाही हा खेळाडू तो सांगतो काय? जो सांगतो तो नियमाचा अभ्यासक. जो लाभाच्या वेळीच पान उघडतो आणि तोट्याच्या वेळी ते मिटून ठेवतो, तो हुइझिंगांचा लबाडच, केवळ वकिलाच्या झग्यातला. या दोघांखेरीज तिसराही असतो. त्याला लाभ नको असतो, निश्चिती हवी असते. पूर्वी एखाद्या लहरी वा पक्षपाती सूत्रधाराच्या हाताखाली खेळलेल्याला नियम ढालीसारखा वाटतो. गॅरी ॲलन फाइन यांनी 'शेअर्ड फँटसी' (१९८३) या समाजशास्त्रीय अभ्यासात सूत्रधार फाशांचे दान प्रसंगी कसे फिरवितात याची नोंद केली आहे. ते हेतूने चांगले असेलही, परंतु ज्याच्या विरुद्ध ते फिरले त्याने ग्रंथ मागितला तर नवल नाही. या तिघांना एकाच नावाने हिणविणे हे निदान न करताच औषध देण्यासारखे आहे.

नियमवाद्याची खरी चूक एकच, पण ती मोठी आहे : खेळाचे नियम म्हणजे त्या कल्पित जगाचे भौतिकशास्त्र, असे तो समजतो. एक फेरी सहा सेकंदांची आणि प्रत्येकास हातातील वस्तू शेजाऱ्याकडे देता येते, तेव्हा माणसांची लांबच लांब रांग लावून भाला प्रकाशाच्या वेगाने फेकता येईल, हा युक्तिवाद या मंडळींत प्रसिद्ध आहे. २०२४ च्या सूत्रधार-ग्रंथाने त्याचा नामनिर्देशासारखा उल्लेख करून, नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि नियमांचा अर्थ सद्भावनेने लावावयाचा असतो, असे स्पष्ट केले. पन्नास वर्षांनी ग्रंथाने उपहास सोडून अर्थनिर्णयाचे तत्त्व सांगितले, ही प्रगती म्हणावयास हवी.

५

अर्थनिर्णयाची ही साधने आपल्या शास्त्रांना नवीन नाहीत. विशेष नियम सामान्याला बाधतो, असे २०१४ च्या खेळाडू-ग्रंथात सांगितले आहे. व्याकरणातील उत्सर्ग-अपवाद न्याय तो हाच. त्याहून उपयुक्त म्हणजे मीमांसेतील अंग आणि प्रधान यांचा विवेक. अंगाचा आणि प्रधानाचा विरोध आला तर अंगाने वाकावयाचे, कारण ते प्रधानासाठीच असते. भूमिका-खेळात एकत्र रचलेली कथा प्रधान, नियम हे तिचे अंग. परंतु मीमांसकाने अंग फेकून देण्याची मुभा कधी दिली नाही, आणि विरोध खरोखर आहे काय हे आधी सिद्ध करावयास लावले. सूत्रधाराने हा दुसरा भाग विसरू नये.

व्यवहारात यातून पुढील रीत निष्पन्न होते. कोणते नियम पाळावयाचे हे आरंभीच सर्वांसमक्ष ठरवावे. बैठकीत वाद उद्भवल्यास दोन्ही बाजू थोडक्यात ऐकून सूत्रधाराने निर्णय द्यावा आणि डाव पुढे न्यावा; सविस्तर वाद बैठकीनंतर करावा, आणि चूक ठरल्यास ती कबूल करावी. दिलेला निर्णय लिहून ठेवावा, म्हणजे तो पुढच्या वेळी सर्वांना सारखा लागू होईल. ही नोंदवही नियमवाद्याकडेच सोपविणे उत्तम, कारण त्याच्या स्मरणशक्तीला तेथे सार्वजनिक कार्य मिळते. एवढे करूनही जो आपल्या लाभापुरताच नियम वाचतो, त्याच्याशी नियमाविषयी नव्हे, वर्तनाविषयी बोलावे, आणि तेही एकान्तात. चारचौघांत केलेला उपहास त्याला नवीन दाखला मात्र पुरवितो.

सूत्रधाराचा निर्णय अंतिम असावा, परंतु तो चुकू शकतो हेही मान्य असावे. या दोन विधानांच्या मधल्या जागेत नियमावर बोट ठेवणाऱ्याला बसण्यास स्थान आहे. ते त्याला दिले नाही, तर टेबलावर उरतो तो फक्त एकाच्या मर्जीचा खेळ. आणि त्यात बाकीच्यांनी फासे तरी कशाला टाकावेत?