प्रत आणि परवाना : चित्रपटाच्या तबकडीविषयी काही विचार

चित्रपटाची तबकडी मागे पडून तिची जागा संगणकावर उतरवून घेतलेला चित्रपट घेईल काय, हा प्रश्न गेली सुमारे वीस वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरे बहुधा किंमत, सोय आणि चित्राची स्वच्छता या तीन मुद्द्यांवर दिली जातात. परंतु ‘जागा घेणे’ या शब्दप्रयोगातच एक गृहीत दडलेले आहे. जागा एकच असून एक वस्तू गेली की त्याच जातीची दुसरी वस्तू तेथे येऊन बसते, असे त्यात मानलेले असते. तबकडी आणि डाऊनलोड यांच्या संबंधात हे गृहीत टिकते काय, हे आधी पाहावयास हवे.

घटनाक्रम थोडक्यात असा. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत विक्रीस आली. ब्ल्यू-रे २००६ साली आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲपलने आपल्या आयट्यून्स दुकानातून डिस्नीचे सुमारे ७५ चित्रपट डाऊनलोडच्या रूपाने विकण्यास आरंभ केला. तबकडीचे नवे रूप आणि तिचा प्रतिस्पर्धी हे असे एकाच वर्षीचे होत. तबकडीचा बाजार पुढे आटला, यात शंका नाही. नेटफ्लिक्सने १९९८ पासून चालविलेला टपालाने तबकड्या पाठविण्याचा व्यवसाय २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केला. बेस्ट बाय या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये तबकड्यांची विक्री थांबविली. मात्र ज्याने जागा घेतली तो डाऊनलोड नव्हे. नेटफ्लिक्सनेच २००७ मध्ये सुरू केलेले स्ट्रीमिंग, म्हणजे मासिक वर्गणी भरून पाहावयाचा आणि हाती काहीच न उरणारा चित्रपट, हा खरा वारसदार ठरला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला, एवढेच म्हणून हा भाग सोडून देता येईल.

अधिक विचार करण्याजोगे आहेत ते या व्यवहारातील शब्द. मराठीत पोथीची नक्कल करणे याला ‘उतरून घेणे’ म्हणत. ‘उतारा’ हा शब्द त्याच धातूचा, आणि जमिनीच्या सात-बारामुळे तो आजही खेडोपाडी नित्याचा आहे. डाऊनलोडला ‘उतरवून घेणे’ हा पर्याय मराठीत रुळला तो इंग्रजी शब्दातील ‘खाली’ या अर्थामुळे. तरीही त्याच्या शेजारी नकलेचा जुना अर्थ आपोआप उभा राहिला. जुन्या अर्थाने उतरून घेतलेली पोथी मूळ पोथीच्या मालकाच्या इच्छेपासून मुक्त होत असे. ती घरी नेता येई, दुसऱ्यास देता येई, लेकीबरोबर सासरी पाठविता येई. आज पैसे भरून उतरविलेल्या चित्रपटाच्या बाबतीत हे काहीच खरे नाही. शब्द प्रतीचा आहे, व्यवहार परवान्याचा.

‘विकत घेणे’ या क्रियापदाची अवस्था याहून बिकट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९०८ साली एका कादंबरीचा वाद आला होता. एक डॉलरहून कमी किमतीस हे पुस्तक विकू नये, अशी सूचना प्रकाशकाने पुस्तकातच छापली होती. एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही, असा निर्णय झाला. जुन्या पुस्तकांचा तेथील बाजार, ग्रंथालयाची देवघेव आणि पुढे तबकड्यांची भाड्याची दुकाने ही सर्व त्याच तत्त्वाच्या आधारावर उभी राहिली. डाऊनलोडला हे तत्त्व लावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा न्यायालयांनी एक अडचण दाखविली. फाईल एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात ‘जात’ नाही, तेथे तिची नवी प्रत तयार होते. आणि नवी प्रत करण्याचा हक्क ग्राहकाला नसतो. जुन्या संगीत-फाईलींच्या पुनर्विक्रीसंबंधी २०१८ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने असाच निकाल दिला. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये संगणक-प्रणालीच्या बाबतीत पुनर्विक्रीस मान्यता दिली होती. ई-पुस्तकांच्या बाबतीत २०१९ मध्ये मात्र ती नाकारली. या युक्तिवादात तांत्रिक सत्य आहे. परंतु त्याची परिणती अशी की, जी वस्तू हलविणे सर्वांत सोपे तीच कायद्याच्या दृष्टीने हलविता न येणारी ठरली.

याचा प्रत्यय ग्राहकांस येऊ लागला आहे. सोनीच्या प्लेस्टेशन दुकानातून जर्मनी व ऑस्ट्रियातील लोकांनी विकत घेतलेले स्टुडिओकॅनाल या संस्थेचे चित्रपट ३१ ऑगस्ट २०२२ पासून त्यांच्या संग्रहातून नाहीसे झाले. अशा प्रकारांची दखल घेऊन कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा केला व तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. विक्रेता जी वस्तू मागाहून काढून घेऊ शकतो, तिच्या बटणावर ‘विकत घ्या’ असे लिहावयाचे तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे, असे बंधन त्याने घातले. एका सामान्य क्रियापदाचा अर्थ राखण्यासाठी विधिमंडळाला पुढे यावे लागले, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकांनी नोंदविण्याजोगी आहे. मात्र कायद्याने शब्द सावरला, व्यवहार होता तसाच राहिला.

तबकडी निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. तबकडीप्रेमी मंडळी तिच्यावर जी भाबडी माया करतात तिला आधार थोडा. डीव्हीडीच्या उत्पादकांनी जगाचे सहा विभाग पाडले आणि भारताला पाचवा दिला. अमेरिकेत घेतलेली तबकडी येथील यंत्रावर चालू नये, हाच त्यामागील हेतू. म्हणजे तबकडीतही परवान्याचा अंश मिसळलेलाच होता. शिवाय काही तबकड्यांचा आतील थर कालांतराने खराब होतो, आणि ती वाचणारी यंत्रे बनविणारे उत्पादकही एकेक करून त्या व्यवसायातून बाहेर पडत आहेत. उलट, कुलूप नसलेली फाईल स्वतःच्या संग्रहात जपून ठेवली तर ती तबकडीइतकीच खरी प्रत होय. यास्तव तबकडी विरुद्ध डाऊनलोड हा भेद मुळात चुकीच्या ठिकाणी पाडलेला आहे. भेद आहे तो वाचकाच्या ताब्यातील प्रत आणि मालकाच्या ताब्यातील संहिता यांचा.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हाच भेद सर्वांत महत्त्वाचा. एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्या कार्याची थोरवी वादातीत आहे. परंतु घरोघरीच्या आधीच्या पोथ्यांतील ओव्या त्यामुळे त्या रात्री बदलल्या नाहीत; म्हणूनच राजवाडे यांना १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध करता आली आणि तिच्या प्रामाण्यावर वाद घालता आला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तिच्या पाठीशी १२५९ हस्तलिखिते होती. पाठभेद शिल्लक राहिले ते प्रती विखुरलेल्या होत्या म्हणून. स्ट्रीमिंगमध्ये एक संहिता बदलली की ती सर्व प्रेक्षकांसाठी एकाच क्षणी बदलते. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटातील नायिकेची उघडी पाठ डिस्नीने २०२० मध्ये संगणकाने केस वाढवून झाकली. १९७१ च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ची, वांशिक अपशब्द असलेला संवाद गाळलेली प्रत २०२३ मध्ये प्रेक्षकांसमोर आली. हे फेरफार उघडकीस आले ते जुनी तबकडी कोणाजवळ तरी होती म्हणून. ‘स्टार वॉर्स’चा १९७७ चा मूळ पाठ अभ्यासावयाचा तर २००६ च्या डीव्हीडी-संचातील जोड तबकडी शोधावी लागते, कारण १९९७ नंतर त्याच्या निर्मात्याने सुधारित पाठच प्रमाण मानला. निर्मात्याची इच्छा हा पाठाचा एक पुरावा होय. एकमेव पुरावा नव्हे.

मराठीच्या बाजूने पाहता ही चिंता दूरदेशीची राहत नाही. येथे तबकडीचे लोकप्रिय रूप व्हीसीडी हे होते. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत, त्यामुळे चित्रपट दोन-तीन तबकड्यांत तोडला जाई, आणि चित्रही धूसर असे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अत्यंत स्वस्त व्हीसीडी व डीव्हीडी काढल्या, तेव्हा जुने चित्रपट घराघरांत पोचले; ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. त्या तबकड्या आता रद्दीच्या दुकानांत आढळतात. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असलेले भागही मूळ चित्रपटाचे की १९१७ च्या पुनर्निर्मितीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ताडून पाहावयास दुसरी प्रत नाही. छापील ग्रंथ व वृत्तपत्रे यांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत पाठविण्याचे बंधन आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने आणि त्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने घातले. त्या कायद्यात चित्रपटाचा अंतर्भाव नाही.