चित्र दाबले, वाक्य उमटले, पुढे?

बोलण्याची अडचण असलेल्या मुलांसाठी मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात 'जेलो' हे साधन तयार झाले. मोबाईलवर चालणारे हे साधन मराठीतही बोलते. पडद्यावर नऊ विषयांची चित्रे. कडेला आवडते-आवडत नाही, हो-नाही, अजून-कमी अशी सहा बटणे. चित्र निवडून बटण दाबले की अख्खे वाक्य ऐकू येते.

ही युक्ती मराठीला मानवते. सुटे शब्द जोडत जाण्याची रीत इंग्रजीत बरीचशी निभावते. आपल्याकडे मात्र चहा 'हवा', पोळी 'हवी', दूध 'हवे'. शिवाय मुलगा 'दमलो' म्हणतो आणि मुलगी 'दमले'. वाक्यच साठवले की हा गुंता रचणाऱ्याला आधीच सोडवता येतो. वेळही वाचतो. स्टीफन हॉकिंग १९८५ मध्ये आवाज गमावल्यावर संगणकावर एकेक शब्द निवडत. मिनिटाला जेमतेम १५ शब्द होत. आपण सहज शंभरावर बोलतो.

पण मधल्या सुट्टीत शेजारच्याने डबा पळवला, ही तक्रार कोणत्या चित्रात सापडावी? टंकफलक आहे, पण पहिलीतल्या मुलाला तो काय कामाचा? नवी चित्रे भरायची तर मोठ्यांनी ती आधी ओळखून भरायची. गाऱ्हाणे, थट्टा, चहाडी असे आधी ओळखता येते थोडेच! आणि पुण्यातल्या भरगच्च वर्गात मूल चित्र शोधत असते, तोवर आपण पुढच्या बाकाकडे वळलेलो असतो.