अनुराग उभयनिष्ठ आहे काय? : ‘अली : फिअर ईट्स द सोल’ या चित्रपटातील प्रेमसंबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :
वयाने मोठी स्त्री आणि तरुण पुरुष यांचे प्रेम पडद्यावर आले की प्रेक्षकाची पहिली शंका हेतूविषयी असते. तिला सोबत हवी, त्याला आश्रय हवा. मग यात प्रेम कोठे? विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’मध्ये उभयनिष्ठ नसलेल्या रतीचा समावेश रसाभासात केला आहे. एकाच बाजूचे प्रेम म्हणजे शृंगार नव्हे, तर त्याचा आभास होय. जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर यांच्या १९७४ च्या या चित्रपटाला हाच प्रश्न विचारणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संबंधाचा प्रारंभ :
म्युनिकमधील एमी ही साठीच्या घरातील विधवा सफाई कामगार. एका पावसाळी संध्याकाळी ती अरब कामगारांच्या मद्यगृहात शिरते. तेथील एका स्त्रीच्या चिथावणीवरून अली हा मोरोक्कन कामगार तिला नृत्यासाठी विचारतो. प्रारंभ असा थट्टेतून होतो. विवाहाची कल्पनाही, घरमालकाच्या मुलाने पोटभाडेकरू ठेवल्याची हरकत घेतल्यावर एमीने मारलेल्या थापेतून निघते. यावरून हा सोयीचा व्यवहार ठरविणे सोपे आहे. परंतु अली इतर कामगारांसोबत एका खोलीत दाटीने राहतो आणि एमीला तिची मुले क्वचितच भेटतात. दोघांचेही बोलणे ऐकणारे कोणी नाही. ही गरज प्रेमाच्या विरोधात उभी नाही. प्रेम तिच्यातूनच उगवते.

प्रतारणेची समांतरता :
विवाहानंतर मुलगा दूरचित्रवाणी संच लाथेने फोडतो, वाणी एमीला सामान नाकारतो, सहकारी स्त्रिया तिला वाळीत टाकतात. सुटीवरून दोघे परततात तेव्हा मात्र प्रत्येकाला एमीकडून काहीतरी हवे असते आणि विरोध मावळतो. खरी कसोटी येथून सुरू होते. पुन्हा स्वीकारली गेलेली एमी मैत्रिणींना अलीचे दंड चाचपून पाहू देते. कुसकुस हा त्याच्या देशातील पदार्थ करण्यास ती नकार देते. दुखावलेला अली मद्यगृहाच्या मालकिणीकडे जातो. तेथे त्याला कुसकुसही मिळते आणि शय्याही. पुढे एमी त्याला शोधत गॅरेजमध्ये येते. ही मोरोक्कोतील तुझी आजी काय, असे सहकारी विचारतात आणि अली त्यांच्या हसण्यात सामील होतो.

हे दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवून पाहावेत. दोघांचा अपराध एकच आहे : समूहात स्थान मिळविण्यासाठी आपल्या माणसाला वस्तू होऊ देणे. एमीला अलीचा देह दाखविता येतो, कारण ती जर्मन आहे. अलीला एमीच्या वयावर हसता येते, कारण तो तरुण पुरुष आहे. दोघांपाशी सत्ता आहे, पण ती वेगवेगळ्या प्रकारची आहे. म्हणून कोण कोणावर अधिक प्रेम करतो, हा हिशेबच येथे अपुरा पडतो.

अलीचे मौन :
एक आक्षेप मात्र गंभीर आहे. एमीचे मन आपल्याला तिच्या बोलण्यातून कळते. अलीजवळ केवळ मोडकी जर्मन भाषा आहे. चित्रपटाचे मूळ जर्मन शीर्षकही त्याच्याच व्याकरण चुकलेल्या वाक्यातून आले आहे. ‘अली’ हे त्याच्या लांबलचक नावाऐवजी रूढ झालेले सोयीचे नाव आहे. त्यामुळे त्याचे प्रेम उणे भासते. तरीही त्याची कृती बोलते : जुगारात वेतन उधळल्यावर तो आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच मुखात मारत राहतो. तो पश्चात्ताप शब्दांवाचून आपल्यापर्यंत पोहोचतो.

निष्कर्ष :
अखेरीस एमी मद्यगृहात येऊन पहिल्याच दिवशीचे गाणे लावावयास सांगते. दोघे पुन्हा नृत्य करतात. पहिले नृत्य इतरांच्या सांगण्यावरून होते, हे दुसरे स्वेच्छेचे आहे. तो चूक कबूल करतो. ती त्याला मोकळीक देते आणि एकत्र असताना एकमेकांशी चांगले वागण्याची अपेक्षा ठेवते. अनुराग उभयनिष्ठ होतो तो या क्षणी, परस्परांचा अपमान ओळखल्यानंतर. लगेच अली पोटातील व्रणाने कोसळतो. परदेशी कामगारांत हा विकार नेहमीचा असून सहा महिन्यांनी तो पुन्हा उद्भवेल, असे डॉक्टर सांगतात. जर्मनीने परदेशी कामगारांची भरती १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये थांबविली होती, हे येथे लक्षात घ्यावे. दोघांचे प्रेम परस्पर आहे; त्याला जगू देणारी परिस्थिती मात्र त्यांच्या हाती नाही. रुग्णशय्येशेजारी अलीचा हात धरून बसलेली एमी रसाभासाची शंका दूर करते, पण प्रेक्षकाला निश्चिंत करीत नाही.