घरची भाषा, परीक्षेची भाषा : न्गुगींच्या भूमिकेची चिकित्सा

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांचा 'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) हा ग्रंथ आफ्रिकेतील भाषाविषयक चर्चेत मूलभूत मानला जातो. भाषा हे केवळ संज्ञापनाचे साधन नसून ती संस्कृतीची वाहक असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. १९५२ च्या आणीबाणीनंतर शाळेच्या आवारात गिकुयू बोलणाऱ्या मुलांना छडीचा मार बसे, हा त्यांनी नोंदविलेला अनुभव वारंवार उद्धृत होतो. तथापि या ग्रंथातील अधिक बोलका प्रसंग परीक्षेचा आहे. इतर सर्व विषयांत विशेष प्रावीण्य मिळविलेला त्यांचा एक वर्गबंधू केवळ इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे संपूर्ण परीक्षेत नापास ठरला आणि पुढे बसगाडीवर मदतनीस झाला. इतर विषयांत जेमतेम उत्तीर्ण, पण इंग्रजीत सरस असलेले न्गुगी मात्र नामवंत विद्यालयात पोहोचले.

या प्रसंगातून न्गुगी लेखकाने कोणत्या भाषेत लिहावे, या प्रश्नाकडे वळतात. येथेच त्यांच्या विवेचनाची मर्यादा जाणवते. लेखक दोहोंपैकी एक भाषा निवडू शकतो. शिक्षकाला दोन्ही सांभाळाव्या लागतात. नायजेरियात १९७० साली बाबातुंडे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इफे प्रकल्पाने हेच केले. सहा वर्षे सर्व विषय योरुबातून आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय म्हणून, अशी ती योजना होती. त्यातील मुले इंग्रजीतही मागे पडली नाहीत.

अर्थात घरची भाषा म्हणजे आपोआप मुक्ती नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर मातृभाषेचा आग्रह कृष्णवर्णीयांना दुय्यम शिक्षणात जखडण्यासाठी वापरला गेला. पुढे आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. भाषा कोणती, याइतकाच ती कोण आणि कशासाठी लादतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

नायजेरियाने २०२२ मध्ये पहिली सहा वर्षे मातृभाषेतून शिक्षण देण्याचे धोरण स्वीकारले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वजनिक परीक्षांतील अपयशाचा दाखला देत ते रद्द केले. वस्तुतः २०२२ साली पहिलीत बसलेले मूल तोवर माध्यमिक परीक्षेच्या जवळपासही आलेले नव्हते. ज्या धोरणाची परीक्षाच झाली नाही, ते नापास ठरविले गेले.

न्गुगींच्या वर्गबंधूची कहाणी अशा रीतीने संपूर्ण देशाच्या पातळीवर पुन्हा घडते. मूल ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत उत्तर लिहिण्याची मुभा प्रश्नपत्रिकेत नसेल, तर वर्गातील द्विभाषिकता ही शिक्षकाची खासगी सोय म्हणूनच उरेल. न्गुगींनी भाषेचा प्रश्न साहित्याच्या अंगणात नेला. तो आता परीक्षा मंडळांच्या दारात नेणे अगत्याचे आहे.