भग्न गिरण्यांची छायाचित्रे

बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांत मित्रमंडळींसह जाऊन छायाचित्रे घेण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. अशाच एका मंडळीसमवेत आम्हीही एका ओस गिरणीत हिंडलो आणि त्यांनी टिपलेली चित्रे मागाहून सावकाश पाहिली. फुटक्या कौलांतून उतरणारे ऊन, गंजलेले खांब, भिंत फोडून वर आलेला पिंपळ. यांतील प्रत्येक चित्र देखणे आहे. परंतु देखणेपणा हा कलाकृतीचा एक गुण होय. तेवढ्याने तिचे सर्व ऋण फिटत नाही.

आमचा पहिला आक्षेप असा की, या चित्रांना ठावठिकाणा नाही. इंदूरचे चित्र मुंबईचे म्हणून दाखविले तरी कोणास शंका येऊ नये! न्यायालयात छायाचित्र पुरावा म्हणून दाखल करावयाचे, तर ते कोठले, केव्हाचे व कोणी घेतलेले, हे सिद्ध करावे लागते. हा दंडक कलेला जसाच्या तसा लावणे अरसिकपणाचे होईल, हे आम्ही जाणतो. पण आपण इतिहास जतन करीत आहो, असे ही मंडळी स्वतःच म्हणतात. तेव्हा त्यांच्याच मापाने त्यांचे काम मोजले, तर तो अन्याय नव्हे.

या संदर्भात जर्मनीतील बर्न्ड व हिला बेखर या दांपत्याचे काम पाहण्याजोगे आहे. १९५९ पासून त्यांनी खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, लोखंडाच्या भट्ट्या यांची चित्रे घेतली. तीही ढगाळ प्रकाशात, समोरून, सावल्यांचा खेळ टाळून. चित्राखाली वास्तूचा प्रकार, स्थळ आणि वर्ष असे. डॉर्टमुंड येथील झोलर्न खाणीचे यंत्रगृह १९६९ साली पाडण्यापासून वाचले, त्या खटपटीत त्यांचाही वाटा होता. १९९० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचे सुवर्णसिंह पारितोषिक मिळाले. त्यांच्याही चित्रांत माणूस नाही, हे खरे. तथापि त्यांनी वास्तूच्या विपन्नावस्थेचे भांडवल केले नाही. भार कोठे पेलला जातो, चाक कोठे फिरते, हे त्यांचे चित्र सांगते. आमच्या मित्रांचे चित्र केवळ उसासा टाकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंदूरची हुकुमचंद गिरणी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी बंद पडली व पुढे परिसमापनात गेली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सरकारी परिसमापकाकडे सुपूर्द झाला, तो २५ डिसेंबर २०२३ रोजी! मधल्या तीसएक वर्षांत त्या वास्तूचे चित्र ज्याने घेतले असेल, त्याला तेथे भग्नावशेष दिसला असेल. कायद्याच्या दृष्टीने ती दावा लागलेली मालमत्ता होती. जे निर्जन दिसते ते निर्वारस असतेच असे नाही. ‘काळाने गिळलेली वास्तू’ असा मथळा चित्राला देणे सोपे असते, कारण काळावर कोणी फिर्याद करीत नाही. गिरणी बंद पडते ती माणसांच्या निर्णयांनी, आणि तिची झळ सोसतात तीही माणसेच.

म्हणून ही हौस सोडावी, असे आमचे मत मुळीच नाही. उलट, इमारती झपाट्याने पाडल्या जात असताना हे काम अगत्याचे आहे. मात्र मालकाची वा परिसमापकाची परवानगी घेऊन आत जावे. आणि चित्राखाली गाव, गिरणी, खाते व ती बंद पडल्याचे वर्ष लिहावे. साचेखात्यात राबलेला एखादा वृद्ध कामगार भेटला, तर त्यालाही सोबत न्यावे व तो सांगेल ते टिपून घ्यावे. जुन्या देवळात गेल्यावर आपण नुसते कोरीवकाम पाहून परतत नाही. शिलालेखातील शक आणि दात्याचे नावही वाचतो. गिरणीच्या भिंतीवर कामगारांची नावे कोणी कोरली नाहीत. ती उणीव छायाचित्रकाराला भरून काढता येईल.