अमिरी बराका : क्रोधाचे सामर्थ्य आणि वाणीचा विवेक

दलित साहित्याची मीमांसा करताना कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचा उल्लेख आपल्याकडे आवर्जून होतो. डॉ. म. ना. वानखडे यांनी त्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. हे नाते आम्हांस मोलाचे वाटते. परंतु ज्यांच्याशी आपण नाते सांगतो, त्यांच्या साहित्याची धम्मदृष्टीने चिकित्सा करणे हेही आपले कर्तव्य होय. कवी व नाटककार अमिरी बराका अशा चिकित्सेस सर्वथा पात्र आहेत.

बराका यांचे मूळ नाव लेरॉय जोन्स. त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरी झाला. हवाई दलातील नोकरी साम्यवादी असल्याच्या संशयामुळे सुटली आणि ते न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये बीट पंथाच्या कवींत मिसळले. १९५८ मध्ये हेटी कोहेन यांच्यासह त्यांनी ‘युगेन’ हे नियतकालिक सुरू केले. हे नाव जपानी सौंदर्यविचारातून आलेले आहे. झेन बौद्धमताचे त्या वर्तुळास मोठे आकर्षण होते. पण ते बव्हंशी व्यक्तीच्या मनःशांतीपुरते राहिले. वर्णभेदाचे दुःख सामाजिक आहे आणि त्याचे निराकरणही सामाजिकच असले पाहिजे, हा बोध त्यातून लाभला नाही. समाजापासून तोडलेला बुद्ध शोषितांच्या कामी येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

१९६४ साली रंगभूमीवर आलेले ‘डचमन’ हे त्यांचे सर्वश्रेष्ठ नाटक. भुयारी रेल्वेच्या डब्यात क्ले नावाचा सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुण आणि लुला ही गोरी स्त्री भेटतात. ती त्याला भुलविते, मग डिवचते, त्याच्या सभ्य पोशाखाची टर उडविते. अखेरीस क्लेचा संयम सुटतो. आमचे संगीत आणि आमची कविता हे दाबून ठेवलेल्या हत्येचेच रूपांतर आहे, असे तो सुनावतो. एवढे बोलून तो पुन्हा आपल्या शब्दांकडे वळू पाहतो, तोच लुला त्याला भोसकते. सहप्रवासी निमूटपणे प्रेत बाहेर टाकतात आणि डब्यात दुसरा कृष्णवर्णीय तरुण शिरतो. उच्च शिक्षण आणि नीटनेटका वेश यांमुळे जात मिटते, असे मानणाऱ्या आपल्यातील मध्यमवर्गाने हे नाटक अवश्य वाचावे. येथील क्रोध सत्यदर्शी आहे. तो व्यवस्थेची यंत्रणा उघडी करतो.

२१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्यानंतर जोन्स यांनी श्वेतवर्णीय पत्नी व दोन मुलींचा संसार सोडला आणि हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची नाट्यशाळा उभारून नाटक रस्त्यावर नेले. पुढे त्यांनी नावही बदलले. १९६७ च्या न्यूअर्क दंगलीत त्यांना अटक व मारहाण झाली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशाने त्यांची कविताच न्यायालयात वाचून दाखविली. ती शिक्षा पुढे रद्द झाली. सत्तेला कवितेचे भय वाटते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

तथापि याच काळातील त्यांच्या काही कवितांत ज्यू समाजाविषयी उघड द्वेष आहे. त्यास आम्ही विद्रोह म्हणू शकत नाही. जन्मावरून संपूर्ण समाजास दोषी ठरविणे हाच तर वर्णव्यवस्थेचा मूलाधार आहे. १९७४ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय राष्ट्रवाद सोडून मार्क्सवाद स्वीकारला आणि १९८० मध्ये आपल्या ज्यूद्वेषाचा जाहीर लेखाद्वारे त्याग केला. आपला दोष स्वतः उघड करण्याची ही वृत्ती धम्मास मान्य आहे. दुर्दैवाने ती टिकली नाही. न्यू जर्सीचे राजकवी होण्यापूर्वीच, न्यूयॉर्कवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याविषयीच्या कवितेत त्यांनी इस्रायली कामगारांना आधीच सूचना मिळाल्याची निराधार अफवा गोविली. राजीनामा देण्यास त्यांनी नकार दिल्यावर २००३ मध्ये विधिमंडळाने ते पदच रद्द केले. शासनाचा तो उपाय आम्हांस रुचत नाही. परंतु त्यामुळे असत्य सत्य ठरत नाही.

९ जानेवारी २०१४ रोजी बराका यांचे निधन झाले. त्यांच्या साहित्याचे मूल्यमापन करताना ‘डचमन’ची ज्वाला आणि अफवेचा धूर वेगळे केले पाहिजेत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जो नकार उच्चारला, तो कोणत्याही सनातन्याच्या नकाराहून अधिक कठोर होता. पण त्या २२ प्रतिज्ञांतच सर्व प्राणिमात्रांविषयी दया आणि खोटे न बोलण्याचा निर्धारही होता. नकारास शीलाची जोड लाभली म्हणून त्यातून समाज घडला. आपल्या नव्या कवींनी बराकांचे धैर्य अवश्य घ्यावे. मात्र शब्द लिहिण्यापूर्वी तो सम्यक वाचेच्या कसोटीवर घासून पाहावा. अत्याचाराविरुद्ध साक्ष देणाऱ्याची साक्ष निर्दोष असावी लागते, कारण तिच्यातील एका असत्याचा आधार घेऊन प्रतिपक्ष उरलेले सारे सत्य नाकारतो.